रेघेपुढची मोकळी जागा

सूची विभागातले दिवसाचे पहिले काम म्हणजे माणसे जोडणे किंवा सोडवणे. आदल्या दिवशी नोंदवलेल्या पुस्तकांवरची लेखकांची नावे संगणक एका लांबलचक यादीत मांडून ठेवी आणि ती खुर्चीच्या पाठीला शाल अडकवून त्या यादीपुढे बसे. एकच माणूस तरुणपणी नुसती आद्याक्षरे लावतो, पन्नाशीत पूर्ण नाव लिहू लागतो आणि शेवटच्या पुस्तकावर त्याचे चिरंजीव हौसेने एखादी पदवी चिकटवतात. यादीत त्या एकाची तीन माणसे होऊन बसतात. उलट एकाच नावाचे दोघे, एक पशुवैद्य आणि एक नाटककार, एकमेकांच्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे निमूटपणे हक्क सांगत राहतात. त्या तिघांना एका नोंदीत आणायचे, या दोघांची ताटातूट करायची. विभागाचा नियम चार शब्दांचा होता: एक माणूस, एक नोंद. एकतीस वर्षे तिने तो पाळला होता.

नावे सारखी असली की साल उपयोगी पडे. नावापुढे जन्मसाल, त्यापुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. लेखक गेल्याचे कुठे छापील आढळले की त्या जागेत साल भरायचे. याला विभागात ‘रेघ मिटवणे’ म्हणत. रेघ मिटली की ती नोंद बंद; तिच्यावर नवे पुस्तक चढवायचे तर विभागप्रमुखांची सही लागे. वर्षाअखेरीस मृत्युलेखांची कात्रणे पुढ्यात घेऊन एक अख्खा आठवडा केवळ रेघा मिटवण्याचा असे. त्या आठवड्यात कुणी फारसे बोलत नसे. चहा मात्र जास्त होई.

खोली उत्तरेकडे तोंड करून होती. तिच्यात ऊन कधी येत नसे, फक्त उजेड येई, आणि तोही गाळून घेतल्यासारखा. भिंतीला लागून जुन्या कार्डांची लाकडी कपाटे होती. त्यांतली कार्डे केव्हाच संगणकात गेली होती, पण रिकाम्या खणांतून अजून जुन्या पुठ्ठ्याचा, शाईचा आणि हजारो बोटांचा मिळून झालेला एक वास येई. नव्याने आलेली माणसे नाक मुरडत. ती मात्र कधीमधी एखादा खण उगीच ओढून बघे, आणि तो बंद होताना होणारा मऊ आवाज ऐकून घेई.

समोरच्या टेबलावर शंकासूर बसे. हे नाव त्याला कुणी ठेवले ते आता कुणालाच आठवत नव्हते, पण तो स्वतःही फोन उचलून “शंकासूर बोलतोय” म्हणे. त्याला दोन नावे एका माणसाची आहेत हे पटवायचे म्हणजे त्या माणसालाच समोर उभे करावे लागे, आणि मग तो त्या माणसावर शंका घेई.

साडेचार लाख नोंदींमधली एक तिच्या वडिलांची होती.

ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांमधल्या चुका वेचल्या आणि स्वतःचे एकच पुस्तक लिहिले: ‘दुपारच्या नोंदी’, ऐंशी पाने, फिकट निळे वेष्टन. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यांचे कार्ड तिनेच लिहिले होते. ते पाहायला ते मुद्दाम विभागात आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. चष्मा लावून त्यांनी खण ओढला, कार्डावर बोट ठेवले आणि ते अक्षरा-अक्षरावरून रेघेपर्यंत नेले.

“रेघ जरा लांब झालीये,” शेवटी ते म्हणाले.

“पुन्हा लिहू का, बाबा?”

“नको, असू दे. जागा असलेली बरी.”

त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. रुग्णालयाचा तिसरा मजला, दुपारचे चार. ती औषधे आणायला खाली गेली होती. रांग मोठी होती. वर आली तेव्हा परिचारिका खाटेभोवतीचा पडदा घडी करत होती आणि आई खिडकीशी उभी राहून त्यांची पिशवी भरत होती: कंगवा, चष्मा, न उलगडलेले वर्तमानपत्र. त्यानंतरच्या तेरा वर्षाअखेरींना तिने हजारो रेघा मिटवल्या, ती एक तेवढी मिटवली नाही. कुणी विचारलेच असते तर तिच्याजवळ उत्तर तयार होते: छापील आधार नाही. बाबांच्या जाण्याची बातमी कुठल्याच पत्राने दिली नव्हती. पण छापील आधार नसेल तर कुटुंबीयांनी दिलेली माहिती चालते, हा पोटनियम तिनेच एके काळी लिहून काढलेला होता.

*

पहिले पुस्तक एका मंगळवारी आले. छापून निघालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती या ग्रंथालयात पाठवण्याची पद्धत असल्याने रोज पोती भरून पुस्तके येत. त्यांतल्याच एका पोत्यातून. बुधवारी सकाळच्या यादीत बाबांचे नाव दोनदा दिसले. एकदा त्यांच्या जन्मसालासह आणि एकदा नुसतेच, शंकासुराने नव्याने केलेल्या नोंदीत.

“हे कोण?” तिने विचारले.

“नामसाधर्म्य. म्हटलं तुम्हाला त्रास नको, म्हणून वेगळं काढून ठेवलं.”

“पुस्तक कुठंय?”

“तिकडे, दुसऱ्या फळीवर. ताई, साधं आहे ते. कुणाच्या तरी आठवणी आहेत.”

पुस्तक पातळ होते. तपकिरी वेष्टन, मागे काही नाही. ‘जिन्याखालची खोली’. तिने उभ्या उभ्या पहिले पान वाचले. *आम्ही जिन्याखाली राहत होतो, त्यामुळे घरातल्या साऱ्यांचे येणे-जाणे आमच्या डोक्यावरून होई. कोण रागावले आहे, कोण दमले आहे, कोण काही लपवून आणते आहे, ते आम्हाला पावलांवरून कळे. ती म्हणे, आपल्याला वर्तमानपत्राची गरज नाही.*

ती खोली तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या जन्माआधीच आईबाबांनी ती सोडली होती. पण आईच्या तोंडून ती तिने इतक्यांदा ऐकली होती की अंधारातही तिला तिथला स्टोव्ह सापडला असता. वर्तमानपत्राचे ते वाक्यही आईचेच. तिने पुस्तक शेवटपर्यंत चाळले. सवयीने डोळे मुद्रणदोष शोधत होते. एकही सापडला नाही.

ती जागेवर येऊन बसली आणि दोन्ही नोंदी जोडल्या.

शंकासूर मान लांब करून पाहत होता. “ताई, मी आलो होतो हो बाबांच्या वेळी. गेलेला माणूस पुस्तक काढतो का?”

“जुनं लिहिलेलं असेल. कुणीतरी आता छापलं.”

“कुणी?”

“तू तुझं काम कर बघू.”

“तेच करतोय,” तो पुटपुटला. “आधार काय लिहिलात?”

तिने आधाराच्या रकान्यात लिहिले होते: *कुटुंबीयांकडून.*

त्या संध्याकाळी तिने ते पुस्तक घरी नेले. तसे न्यायला परवानगी नव्हती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. सत्त्याऐंशीची झाली तरी तिची स्मरणशक्ती तल्लख होती. शेजारच्या वहिनी दुपारी डोकावून जात, त्या म्हणत, तुमच्या आईंना माझ्या लग्नातल्या पाहुण्यांची नावं माझ्यापेक्षा जास्त आठवतात. तिने आईला पहिली दहा पाने वाचून दाखवली. आई डोळे मिटून ऐकत होती, एखादे गाणे ऐकावे तशी.

“छान लिहिलंय,” आई म्हणाली. “कुणाचं घर गं हे?”

“कुणाचं म्हणजे? आपलंच की. जिन्याखालची खोली.”

“आपण कुठे राहिलो जिन्याखाली? काहीतरीच तुझं.”

ती हसली. आईही हसली. थट्टाच होती म्हणून दोघींनी ती तिथेच सोडली.

*

दुसरे पुस्तक चार महिन्यांनी आले. या वेळी शंकासुराने ते थेट तिच्या टेबलावर आणून ठेवले आणि पाणी प्यायला निघून गेला. तेच तपकिरी वेष्टन. ‘अकरा दिवस’.

तिच्याआधी आईला एक मुलगा झाला होता. तो अकरा दिवस जगला. घरात याविषयी कुणी बोलत नसे, पण कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मऊ कागदात गुंडाळलेले एक झबले होते, आणि वर्षातून एकदा आई ते बाहेर काढून उन्हात ठेवी, संध्याकाळी परत गुंडाळी. लहानपणी तिला त्या झबल्याचा हेवा वाटे. तिच्या कुठल्याच कपड्याची इतकी निगा कुणी राखली नव्हती.

पुस्तकात अकरा प्रकरणे होती. ती तिने ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात बसून वाचली, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता. बाबा असे लिहू शकत होते हे तिला ठाऊक नव्हते. सातव्या दिवशी बाळाच्या मुठीत त्यांचे बोट कसे अडकले आणि छापखान्यात जायला उशीर कसा झाला, हे एवढेच चार पाने चालले होते. वाचता वाचता तिला आपले वडील आपल्या जन्माच्या पलीकडच्या तीरावर उभे असलेले दिसले, तरुण, काळ्याभोर केसांचे. मधले पाणी तिला ओलांडता येत नव्हते. आणि मनाच्या तळाशी एक बारीकसा सल होता, तो तिला लाजवत होता: दोन पुस्तके झाली आणि अजून मी कुठेच नाही.

शेवटच्या पानावर, खाली, लहान टायपात छापले होते: *आगामी – परतीची तयारी.*

घरी आली तेव्हा कपाट उघडे होते. आई पलंगावर बसली होती आणि तिच्या मांडीवर ते झबले होते.

“हे कुणाचं गं?” आई म्हणाली. “वहिनींचा नातू विसरून गेला वाटतं. देऊन ये उद्या.”

तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे दुःख नव्हते, संभ्रमही नव्हता. फक्त शेजाऱ्यांची वस्तू आपल्याकडे राहिली याचा थोडा संकोच होता.

त्या आठवड्यात तिने आईला सहज बोलता बोलता पारखून पाहिले. मावशीचे लग्न, गळणारे छप्पर, तिची स्वतःची शाळा, तिला आलेला गोवर, बाबांच्या छापखान्यातला संप: सारे जसेच्या तसे होते, तारीखवार, तिखटमिठासह. जिन्याखालची खोली नव्हती. ते अकरा दिवस नव्हते. विसरणे असे नसते, हे तिला कळत होते. विसरणे म्हणजे पान पिवळे पडते, कोपरे झडतात, अक्षर पुसट होते. हे वेगळे होते. ग्रंथालयात कधी कधी असे पुस्तक परत येई, ज्यातली नेमकी काही पाने कुणी पात्याने सफाईदारपणे कापून नेलेली असत. बाकीचे पुस्तक धडधाकट असे, आणि पानांचे क्रमांक पाहिल्याशिवाय काही गेले आहे हे समजतही नसे.

*

पुस्तकांवर प्रकाशकाचा पत्ता होता. एके दुपारी रजा टाकून ती तिथे गेली. अरुंद गल्ली, दुतर्फा दुरुस्तीची दुकाने, तारेवर वाळत घातलेल्या चादरी. तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली एक ठेंगणे दार होते आणि त्याला कुलूप होते. वरच्या पायरीवर एक बाई भाजी निवडत बसली होती.

“तिथे कुणी राहत नाही,” ती म्हणाली. “सायकलींचं सामान असतं. मालक वर्षातून एकदा येतो.”

“पुस्तकं वगैरे छापतात का कुणी?”

“इथे? ताठ उभं राहता येत नाही आत.” बाईने एक देठ मोडला. “ओल्या शाईचा वास येतो मधूनमधून, ते मात्र खरं. आमचे हे म्हणतात, उंदीर मेला असेल. मी म्हटलं, असा वास येतो होय मेलेल्या उंदराचा?”

तिने दाराला कान लावला नाही. लावावासा वाटला, म्हणूनच लावला नाही. परतताना डोक्यावरून कुणीतरी जिना चढून गेले, दमलेल्या पावलांनी, आणि तिच्या नकळत तिने ती पावले ओळखण्याचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी तिने शंकासुराला सांगितले, “त्या दोन पुस्तकांची नोंद वेगळी कर. तुझंच बरोबर होतं.”

“हे लिहून देता का? फ्रेम करीन.” पण तिचा चेहरा पाहून त्याने पुढची थट्टा गिळली आणि निमूटपणे नोंद सोडवली. एकीकडे बाबा, ‘दुपारच्या नोंदी’सह, दुसरीकडे कुणीतरी परका, दोन पुस्तकांसह. तिने पडद्यावर ते स्वतः पाहिले.

सकाळी दोन्ही नोंदी एक झाल्या होत्या.

“रात्रीतून जीव लागला वाटतं एकमेकांना,” ती शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाली.

शंकासुराने बदलांचा तपशील उघडला. कुठल्या नोंदीत कुणी, किती वाजता हात घातला, ते तिथे दिसे. “तुम्हीच केलंत की, ताई. संध्याकाळी सात दहाला. तुमचा क्रमांक आहे.”

सात दहाला ती आईच्या केसांना तेल लावत होती.

त्याने तिच्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच तो काही विचारत नव्हता. मग हळूच म्हणाला, “ताई, रेघ मिटवून टाका. बंद नोंदीवर पुस्तक चढत नाही. प्रमुखांची सही लागते, आणि प्रमुख काही मेलेल्या माणसासाठी सही करायचे नाहीत. जिवंतांसाठी करताना त्यांचा हात दुखतो.”

तो बरोबर बोलत होता. तिसरे पुस्तक आले तर काय होईल, ते तिने मनाशी स्वच्छ मांडले होते. जे पुस्तकात उतरले, ते आईच्या आठवणीतून गेले होते. पहिल्या दोन्हींत ती नव्हती, कारण तेव्हा ती जन्मलीच नव्हती. तिसऱ्यात ती असणार. आणि मग एखाद्या संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीतून आई मान वळवून पाहील, चेहऱ्यावर तोच सौम्य संकोच घेऊन, आणि विचारील, आपण कोण? कुणाकडे आलात?

एवढे दिसत असूनही तिने सोळा दिवस काढले. आज यादी मोठी आहे, उद्या करू. मृत्यूचा दाखला घरी राहिला. डोळे दुखताहेत. ती स्वतःला फसवत नव्हती. कारण तिला ठाऊक होते. बाबांनी तिच्याविषयी काय लिहिले असेल, ते तिला वाचायचे होते. बोलताना ते तिच्याशी मोजके बोलत. शाबासकीही देत ती समासात खूण करावी तशी, बारीक, पेन्सिलीने. साऱ्या आयुष्यात त्यांनी आपल्याला पूर्ण वाक्यात कधी सांगितलेच नाही की... आणि इथवर येऊन ती विचार मोडून टाकी.

सतराव्या दिवशी आईने सकाळी तिच्या हातात डबा देताना म्हटले, “लवकर ये गं. तू नसलीस की घर परक्याचं वाटतं.”

तिने कपाटातून दाखला काढला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि निघाली.

*

दहा वाजता ती जागेवर बसली. बाबांची नोंद उघडली. नाव, जन्मसाल, रेघ. दाखला उलगडून तिने कळफलकाच्या शेजारी ठेवला. रेघेपुढच्या जागेत कर्सर लुकलुकत होता.

टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर आजची पुस्तके ठेवलेली होती. सर्वांत वर तपकिरी वेष्टन होते.

“मी ठेवलं नाही ते,” शंकासूर म्हणाला. “मी आलो तेव्हा तिथेच होतं. ताई, आधी साल टाका.”

“हो.”

“टाका ना.”

“टाकते. तू जरा चहाचं बघतोस का?”

तो उठला नाही. मग विभागप्रमुखांनी आतून हाक मारली, तेव्हा त्याला जावेच लागले. जाताना दोनदा त्याने मागे वळून पाहिले.

फक्त पहिले पान, तिने ठरवले. मी आहे की नाही, एवढेच.

*मुलगी औषधे घेऊन वर आली तेव्हा मी पलंगावर बसून सदऱ्याची गुंडी लावत होतो.*

तिने खुर्ची पुढे ओढली.

*तिला वाटले होते, उशीर झाला. तिच्या चेहऱ्यावर ते मी वाचले. रांग मोठी होती, बाबा, ती म्हणाली. मी म्हटले, तुझ्यासाठीच थांबलो. एवढी वर्षे तिला एक गोष्ट सांगायची राहिली होती. घरी जाता जाता सांगीन म्हटले, वाट लांब आहे.*

बाबांनी ती गोष्ट सांगितली होती. पूर्ण वाक्यात. तीस पाने. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थोडी, रस्त्याच्या वळणावर थोडी. तिच्या पहिल्या पावलांपासून त्या लांब झालेल्या रेघेपर्यंत. आई पिशवी घेऊन दोन पावले पुढे चालत होती आणि मधूनच वळून म्हणत होती, चला की, काय बोलत बसलात बापलेक.

ती वाचत राहिली. खोलीतला उजेड इकडून तिकडे सरकला. कुणीतरी चहा ठेवून गेले. त्यावर साय धरली.

त्या दुपारचा वास तिला आला: फिनेल, गरम डांबर, बाबांच्या सदऱ्याची इस्त्री. तिघे चालत होते. बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता, हलका, हाडकुळा. पडदा घडी करणारी परिचारिका तिला क्षणभर दिसली, दूर, जिन्याच्या वरच्या टोकाला. मग एका वळणावर दिसेनाशी झाली.

घर आले. बाबांनी कडी काढली.

पुस्तक संपले.

तिने डोळे पुसले. किती साधे, किती नेमके लिहितात. आज घरी गेल्यावर त्यांना सांगायला हवे.

पडद्यावर त्यांची नोंद उघडीच होती. ती कशाला उघडली होती, ते तिला लगेच आठवेना. तिने ती वरपासून खालपर्यंत तपासली. नाव बरोबर. जन्मसाल बरोबर. रेघ, पुढे मोकळी जागा. हयात लेखकाची असते तशी. तिने तिसऱ्या पुस्तकाची भर घातली आणि नोंद जतन केली.

कळफलकाशेजारी एक उलगडलेला कागद होता. कुणाच्या तरी मृत्यूचा दाखला. तिने नाव वाचले आणि तिला थोडे चमत्कारिक वाटले, आपल्याच नावाची पाटी अनोळखी दारावर दिसावी तसे. पण या कामात हे नेहमीचे होते.

शंकासूर परत आला होता आणि टेबलाशी उभा होता.

“हे बघ,” ती म्हणाली, “नामसाधर्म्य. बाबांच्याच नावाचे कुणीतरी होते. बिचारे गेले. यांची वेगळी नोंद कर, नाहीतर घोळ होईल.”

त्याने कागद घेतला. बराच वेळ तो तारखेकडे पाहत राहिला. मग तिच्याकडे.

“ताई,” तो म्हणाला, “मी आलो होतो त्या दिवशी. तुमच्या बरोबर होतो.”

“कुठे?”

हातातला कागद त्याने फार जपून टेबलावर ठेवला.

पाच वाजायला आले होते. तिने फोन ओढला आणि घरचा क्रमांक फिरवला. तिसऱ्या घंटीला आईने उचलला.

“आई, निघतेय आता. बाबांनी चहा घेतला का?”

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग तेरा वर्षांत शंकासुराने कधी ऐकला नव्हता इतका टवटवीत आईचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत आला.

“घ्या. तुमची लेक आहे.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. शंकासुराला शब्द कळले नाहीत. फक्त एक सावकाश, खालच्या पट्टीतला पुरुषाचा आवाज ऐकू आला; तो काहीतरी विचारत होता.

ती पडद्यावरच्या रेघेकडे पाहत हसली.

“हो बाबा,” ती म्हणाली. “मोकळीच आहे अजून.”